गेटवरचा फोटो

नमस्कार श्रोतेहो.

जॉर्ज ऑर्वेलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म 1903 चा, बिहारमधल्या मोतिहारीतला. 1941 ते 1943 या काळात तो बीबीसीवरून हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करायचा, म्हणजे आम्हा माइकवाल्यांचा भाऊबंदच. त्याची '1984' ही कादंबरी 1949 साली आली. तिच्यात घराच्या भिंतीवर एक पडदा आहे. तो चित्रं दाखवतो आणि आपल्याकडे बघतही असतो. आवाज बारीक करता येतो, बंद करता येत नाही. लोक म्हणतात, आपला मोबाइल म्हणजे तोच पडदा. मला ते अर्धंच पटतं. ऐका.

परवा माझी आत्या साताऱ्याहून आली. हातात दोन पिशव्या, एकीत शेंगदाणे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "मावशी, फोटो काढायचाय."

"कशाला रे?"

"ॲपवर टाकावा लागतो. वरून मॅडमनी हो म्हटलं की सोडतो."

"बरं, काढ. पण ठेवणार कुठं? आणि किती दिवस?"

त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. वर मी कणीक मळत होते. फोन वाजला. पडद्यावर आत्याचा चेहरा, कपाळ अर्धं कापलेलं, खाली एक हिरवं बटण आणि एक लाल. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, तिला आत घ्यायचं का, असं मला विचारत होते. कणकेच्याच बोटानं मी हिरवं दाबलं.

दहा मिनिटं झाली तरी आत्या वर येईना. ती त्या पोराशी बोलत उभी होती. तो लातूरकडचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. वर आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "अगं, त्यालाही फोटो द्यावा लागतो. रात्रभर, दर तासाला, पंपाच्या खोलीपाशी उभं राहून. तो झोपलेला नाही हे दाखवायला."

श्रोतेहो, ऑर्वेलच्या कादंबरीत नजर असते ती सत्ताधारी पक्षाच्या माणसांवर. गोरगरीब, म्हणजे शंभरातले 85, त्यांच्या घरांत बहुतेक पडदाच नाही. आपल्याकडे नेमकं उलट. मोबाइल आपल्यालाही बघतो, खरं आहे. पण गेटवर फोटो निघतो तो कामवाल्या ताईंचा, डिलिव्हरीच्या मुलाचा, भाजीवालीचा. (भाजी दारात टोपली उतरवून, निवडूनच घ्यावी. बंद पिशवीतून घामेजून येणारी कोथिंबीर मला मुळीच आवडत नाही.) फोटो त्यांचा, बटण आपलं. पुन्हा सांगते, फोटो त्यांचा, बटण आपलं. कादंबरीत पक्षाच्या वरच्या वर्तुळातला अधिकारी आपल्या घरचा पडदा घटकाभर बंद करू शकतो. तशी सवलत आज आपल्या हातात आहे आणि आपल्याला ती सवलत वाटतही नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात फ्लॅटवाला आणि वॉचमन असा भेद नाही.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेवर पाणीपट्टी आहे, पार्किंग आहे. मी आत्याचा प्रश्न लेखी दिलाय, तिच्याच शब्दांत: फोटो ठेवता कुठं, आणि किती दिवस?

नमस्कार.