नानांची चोपडी

(दृश्य : टेबलावर उघडी ठेवलेली लाल पुठ्ठ्याची चोपडी. पंख्याच्या वाऱ्याने पाने हलत आहेत.)

किराणा दुकानदार उधारी लिहिण्यासाठी जशी लाल पुठ्ठ्याची चोपडी वापरतात, तशीच ही चोपडी आहे. हिच्यात मात्र उधारी नाही. प्रत्येक पानावर पट्टीने चार रकाने आखले आहेत आणि त्यांचे मथळे असे आहेत : तारीख, काय झाले, कशामुळे झाले असावे, काय केले. कोणी केले, हा पाचवा रकाना मुद्दाम आखलेला नाही. तो का आखला नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही ही चित्रफीत तयार केली आहे.

(दृश्य : तापीवरचा पूल. पलीकडे केळीच्या बागा. जुन्या स्कूटरवरून एक वयस्क गृहस्थ येत आहेत.)

भुसावळहून तापीचा पूल ओलांडून यावलच्या दिशेने निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सोबत करते. या तालुक्यातील एका गावाच्या माध्यमिक शाळेत दर रविवारी सकाळी आठ वाजता रोबोटिक्सचा वर्ग भरतो. वर्ग घेणाऱ्या गृहस्थांना मुले नाना म्हणतात आणि शिक्षकही नानाच म्हणतात, म्हणून आपणही त्यांना नानाच म्हणू. नोकरीची सारी वर्षे त्यांनी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनांची देखभाल जिथे होते तिथे, तंत्रज्ञ म्हणून काढली. निवृत्तीनंतर नातीच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या ध्वनिक्षेपकाची तार जोडून द्यायला ते गेले असता, कपाटात पडून राहिलेला रोबोटिक्सचा एक संच त्यांच्या दृष्टीस पडला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो शाळेला दिला होता आणि मुलांच्या हातून मोडेल या धास्तीने तो कुलुपातच राहिला होता. ही धास्ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण त्या संचाची किंमत गावातल्या शेतमजूर कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी होती. नानांनी मुख्याध्यापकांकडे रविवारपुरती कपाटाची किल्ली मागितली. मानधनाचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही आणि आजवरही काढलेला नाही.

नानांना संगणकाचा प्रोग्राम लिहिता येत नव्हता आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकले. विज्ञानाच्या बाई आणि आठवीतल्या दोन मुली आधी प्रोग्राम शिकल्या, मग त्यांनी तो नानांना शिकवला. मोटर, गिअर, तारा आणि बिघाड ही बाजू नानांनी सांभाळली. शिकवणाराच शिकायला बसला, तेव्हा आपल्याला काही येत नाही असे म्हणण्याची मुलांची लाज आपोआप गेली, असे बाई सांगतात, आणि या वर्गाच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ मलाही तिथेच दिसते.

(दृश्य : शाळेचे सभागृह. टेबलावर पसरलेले रंगीत मैदान. त्याभोवती वाकलेली मुले.)

शाळेने ज्या स्पर्धेत भाग घ्यायचे ठरवले, ती फर्स्ट लेगो लीग. डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या फर्स्ट या संस्थेने लेगो कंपनीच्या साथीने ती १९९८ मध्ये सुरू केली. जास्तीत जास्त दहा मुलांचा संघ, सुमारे अडीच मीटरहून थोडे कमी लांबीचे मैदान आणि त्यावर अडीच मिनिटांत रोबोटने पार पाडायची कामे, असे तिच्या मैदानी भागाचे स्वरूप आहे. रिमोट चालत नाही. कळ दाबली की मुलांनी आधी लिहून ठेवलेला प्रोग्रामच रोबोटला चालवतो, आणि त्या अडीच मिनिटांत मैदानापाशी संघातली मुलेच उभी असतात. मार्गदर्शकाने वर्षभर काय शिकवले ते तिथे दिसते, पण मार्गदर्शकाला मात्र त्या वेळी काहीही करता येत नाही.

पहिल्या स्पर्धेत या शाळेचा रोबोट पहिल्याच फेरीत मैदानाच्या कडेला जाऊन आदळला. शाळेत तोच रोबोट तीच कामे बिनचूक करत होता. मुलांनी मोटरचा जोर पूर्ण ठेवून प्रोग्राममध्ये दोन सेकंद पुढे, एक सेकंद वळ, असे वेळेचे हिशेब लिहिले होते. गावात वीज कधी असे, कधी नसे, त्यामुळे सरावाच्या वेळी बॅटरी बहुधा अर्धीमुर्धीच भरलेली असायची. स्पर्धेच्या आदल्या रात्री एका मुलाने ती काळजीपूर्वक पूर्ण भरून आणली. बॅटरीचा विद्युतदाब वाढला, मोटर जोरात फिरली आणि तेवढ्याच दोन सेकंदांत रोबोट ठरलेल्या जागेच्या पुढे निघून गेला. परतीच्या गाडीत सगळी मुले त्या एका मुलाकडे बोट दाखवत होती आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

पुढच्या रविवारी नाना ही लाल चोपडी घेऊन आले.

त्यांनी मुलांना लोको शेडमधली एक पद्धत सांगितली. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली धावणारे इंजिन वाटेत कुरकुरले, तर चालक ते लॉगबुकमध्ये लिहून ठेवतो आणि इंजिन शेडमध्ये आले की तंत्रज्ञ आधी तेच वाचतो. चालकाने लिहिलेच नाही, किंवा दोष आपल्यावर येईल म्हणून अर्धेच लिहिले, तर तो बिघाड पुन्हा रुळावर जातो. एवढे सांगून नानांनी चार रकाने आखले आणि म्हणाले, “काय झालं ते लिवा. कोनाच्या हातून झालं ते लिवू नका.”

पहिली नोंद त्याच खिडकीपाशी बसलेल्या मुलाने केली. “बॅटरी पूर्ण भरल्यावर रोबोट पुढे जातो. अंतर वेळेने मोजले होते. चाकाच्या फेऱ्यांनी मोजायचे.” मग मुलांनी चाकाला खडूची खूण केली, फरशीवर एक फेरा फिरवला आणि पट्टीने अंतर मोजले. चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला साधारण साडेसतरा सेंटिमीटर. सत्तर सेंटिमीटर जायचे तर चार फेरे. मोटरच्या आत फिरण्याचे अंश मोजणारा सेन्सर असतोच, त्यामुळे बॅटरी भरलेली असो वा उतरलेली, चार फेरे झाले की रोबोट थांबतो. वर्तुळाचा परीघ हा धडा त्या वर्गाने त्या सकाळी ज्या आवडीने गिरवला, तशा आवडीने तो फळ्यावर गिरवला गेल्याचे बाईंना आठवत नाही.

(दृश्य : चोपडीची पाने एकेक उलटत जातात. अक्षरे वेगवेगळी, काही ठिकाणी शाई फुटलेली.)

तरी नियम लिहून ठेवल्याने भीती जात नाही. दुसऱ्या वर्षी एका सेन्सरची केबल ओढली जाऊन आतून तुटली आणि ती ज्याच्या हातून ओढली गेली, त्याने ती गुपचूप परत खोचून ठेवली. सेन्सर कधी चालायचा, कधी नाही. मुलांनी प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला आणि सरावाचे दोन रविवार वाया गेले. तिसऱ्या रविवारी नानांनी सगळ्यांना बाहेर पाठवून चोपडी टेबलावर उघडी ठेवली आणि एकेकाने आत जाऊन काही लिहायचे असेल तर लिहावे, असे सांगितले. नोंद मिळाली, केबल बदलली गेली. ते कोणाचे अक्षर हे नानांनी ओळखले असणारच. याविषयी आम्ही त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याऐवजी पुढची नोंद वाचून दाखवली.

या चोपडीत खान्देशही आहे. एप्रिलमधल्या एका नोंदीत म्हटले आहे, की धुळीमुळे चाके घसरतात, म्हणून प्रत्येक फेरीआधी ओल्या फडक्याने पुसायची. दुसरी नोंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाची आहे. काळी रेघ ओळखणारा रंगांचा सेन्सर सकाळी एक आकडा दाखवतो आणि दुपारी वेगळाच, म्हणून सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची झडप लावली आणि प्रत्येक नव्या जागी गेल्यावर काळ्या व पांढऱ्या रंगाचे आकडे आधी मोजून प्रोग्राममध्ये भरायचे ठरले. भुसावळ स्टेशनवर रात्री गाडीची वाट पाहताना लिहिलेलीही एक नोंद आहे : “रोबोटचे खोके उलटे ठेवले गेले. हात निखळला. फलाटावर बसवला.”

स्पर्धेत मैदानी खेळाबरोबर प्रकल्पही मांडावा लागतो. २०१७-१८ च्या हंगामाचा विषय पाणी होता. माणूस पाणी कसे शोधतो, नेतो, वापरतो आणि वापरल्यावर त्याचे काय करतो, यांतला एखादा प्रश्न निवडून त्यावर उपाय सुचवायचा होता. मुलांनी मोठमोठ्या धरणांची चित्रे काढायला घेतली होती. नानांनी त्यांना एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या केळीच्या बागेत नेले आणि ठिबकच्या नळीखाली पेला धरायला सांगितला. ताशी चार लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणाऱ्या ड्रिपरमधून मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर पाणी पडायला हवे. ओळीच्या सुरुवातीला ते तेवढे पडत होते, पण शेवटच्या झाडांपाशी अर्धेही पडत नव्हते. नळीचे टोक उघडले तेव्हा आधी तांबूस गढूळ पाणी आले, मग बारीक गाळ. विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि गाळ ड्रिपरच्या बारीक वाटेत साचत गेला, की झाड तहानलेले राहते आणि शेतकऱ्याला वाटते की मोटर तर चालू आहे. मुलांनी पारदर्शक पेल्यावर ६७ च्या जागी खूण केली, प्रत्येक ओळीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या झाडापाशी महिन्यातून एकदा मोजणी करायचा तक्ता तयार केला आणि नळ्यांची टोके केव्हा उघडून धुवायची ते त्यावर लिहिले. तो तक्ता त्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत अजून चिकटवलेला आहे. संघाला त्या प्रकल्पासाठी बक्षीस मिळाले नाही. मला स्वतःला या वर्गाच्या आजवर भरलेल्या अकरा चोपड्यांमधले ते सर्वांत चांगले पान वाटते.

(दृश्य : दुपार. व्हरांड्यात मुले पंगतीला बसली आहेत. ताटांत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.)

सराव लांबला की जेवण नानांच्या घरून येते. बट्ट्या करणाऱ्या नानींचे नाव कोणत्याही संघाच्या यादीत नसते. मुलींना सायंकाळी उशिरापर्यंत थांबू द्यावे म्हणून घरोघरी जाऊन बोलण्याचे कामही नानींनीच केले, आणि आज संघात मुलग्यांपेक्षा मुली जास्त आहेत, यामागे त्या घरभेटी आहेत.

शासनाच्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत २०१६ पासून अनेक शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या आणि तिथेही आठवड्यातले काही तास विनामोबदला देणारे मार्गदर्शक नेमण्याची सोय आहे. संच आणि थ्रीडी प्रिंटर पैशाने आणता येतात. दर रविवारी आठ वाजता कपाट उघडणारा माणूस मात्र गावानेच शोधावा लागतो.

अशा माणसाचा गौरव कसा करावा, हा प्रश्न यंदा माजी विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला. सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि भाषणे ठरलेली. भाषणात माणूस थोर ठरतो, पण त्याने नेमके काय केले ते बहुधा राहून जाते. फर्स्टच्याच मोठ्या मुलांच्या स्पर्धेत १९९६ पासून वुडी फ्लॉवर्स यांच्या नावाने मार्गदर्शकांना पुरस्कार दिला जातो. फ्लॉवर्स हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत यंत्ररचना शिकवणारे प्राध्यापक होते आणि ही स्पर्धा उभारण्यात केमन यांच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता. त्यांचे निधन २०१९ मध्ये झाले. त्या पुरस्कारासाठी मार्गदर्शकाचे नाव विद्यार्थीच सुचवतात आणि त्यांनी आपल्याला काय शिकवले याचा निबंध विद्यार्थ्यांनाच लिहावा लागतो. माजी विद्यार्थ्यांनी हीच रीत उचलली. प्रत्येकाने नानांविषयी एक पान लिहायचे आणि ते प्रसंगाला धरून लिहायचे, असे ठरले.

आधार म्हणून सगळ्यांनी अकरा चोपड्या चाळल्या, आणि तेव्हा लक्षात आले की त्यांत नानांचे नाव एकदाही आलेले नाही. नियमच तसा होता. मग मुलांनी आठवून आठवून ती पाने भरली. बॅटरी भरून आणणारा तो मुलगा आता जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या यंत्रावर काम करतो. त्याने लिहिले आहे, की पाळी बदलताना पुढच्या माणसासाठी तो अजूनही चार रकान्यांत लिहून ठेवतो. केबल कोणाच्या हातून ओढली गेली, तेही एका पानावर सहीनिशी लिहिलेले आहे.

(दृश्य : आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुटीतले शाळेचे सभागृह. आजीमाजी विद्यार्थी. नाना खुर्चीत अवघडून बसले आहेत.)

आखाजीला बाहेरगावची मुले घरी येतात, म्हणून सत्कार त्याच सुटीत ठेवला. भाषणे झाली नाहीत. तेवीस माजी विद्यार्थ्यांनी आपापले पान वाचले आणि नानांनी ती सारी पाने मान खाली घालून ऐकली. शाल गावकऱ्यांच्या आग्रहाखातर पांघरलीच. ती उन्हाळ्यात सोसवेना, म्हणून नानांनी घडी करून मैदानाच्या टेबलावर ठेवली आणि सहावीतल्या मुलींनी रोबोट चालवून दाखवायला घेतला.

बाराव्या चोपडीतली त्या दिवसाची नोंद सहावीतल्या एका मुलीने केली आहे. “रोबोट डावीकडे ओढतो. डाव्या चाकाच्या आसाभोवती शालीचा धागा गुंडाळला गेला होता. चिमट्याने काढला. टेबलावर कापड ठेवायचे नाही.”

शाल टेबलावर कोणी ठेवली, ते तिने लिहिलेले नाही.