माहुलची रिफायनरी आणि यादीतली एक ओळ

चेंबूरकडून माहुलला आलात की आधी वास येतो, मग ही धुराडी दिसतात, टोकाला ज्वाळा, रात्रंदिवस. आत्ता रात्रपाळी सुटतेय. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत रिकामा डबा.

१९५५ ला बर्मा शेलने ही रिफायनरी सुरू केली. १९७६ मध्ये संसदेने कायदा करून ती सरकारकडे घेतली आणि पुढच्या वर्षी नाव पडलं भारत पेट्रोलियम. कायदा करून घेतली, हे लक्षात असू द्या.

कारण वाजपेयी सरकारच्या काळात ही कंपनी आणि हिंदुस्थान पेट्रोलियम विकायचं ठरलं, तेव्हा निर्गुंतवणुकीचं, म्हणजे सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकण्याचं, स्वतंत्र मंत्रालयच होतं, मंत्री अरुण शौरी, आणि तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची संघटना थेट सुप्रीम कोर्टात गेली. १६ सप्टेंबर २००३ चा हा निकाल. कोर्टाने काय सांगितलं, तर संसदेने कायदा करून घेतलेली कंपनी मंत्रिमंडळ परस्पर खासगी करू शकत नाही, आधी कायदा बदलून आणा. विकूच नका असं नाही म्हटलं बरं का, संसदेला विचारा एवढंच. तेवढ्यावर विक्री अडली ती १६ वर्षं.

आता ही यादी बघा. २०१६ मध्ये संसदेने जुने झाले म्हणून कितीतरी कायदे एकदम रद्द केले, आणि बोट थांबलंय तिथे, ती एक ओळ, तोच १९७६ चा कायदा. नियमात बसतं सगळं. पण एवढी मोठी कंपनी विकायचा रस्ता मोकळा होतो तेव्हा तिच्या नावाने सभागृहात वेगळी चर्चा व्हायलाच हवी होती, यादीतल्या एका ओळीला मी तरी विचारणं म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०१९ ला मंत्रिमंडळाने ५३.२९ टक्के हिस्सा विकायला मंजुरी दिली. मार्च २०२० ला अर्थ खात्याच्या दीपम विभागाने, म्हणजे सरकारी हिस्से विकणाऱ्या विभागाने, इच्छुकांना बोलावलं, तेवढ्यात कोरोना, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, शेवटी मैदानात एकच खरेदीदार उरला आणि मे २०२२ ला सरकारने प्रक्रियाच गुंडाळली. मधल्या काळात कंपनीत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनाही येऊन गेली.

कंपनी अजून सरकारचीच आहे. तो कायदा गेला तो गेलाच. सकाळपाळीची माणसं आत चाललीयेत.