कणगल्याचे वकील आणि अठराव्या वर्षाचे मत

निपाणी मागे टाकून पुणे-बंगळूर महामार्गाने संकेश्वरकडे निघाले की उसाच्या फडांमधून कणगला लागते. येथील एचएलएल लाइफकेअरच्या, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान लॅटेक्सच्या, कारखान्यावरून बाहेरचा प्रवासी हे गाव ओळखतो. आम्ही मात्र येथे आलो ते या गावच्या एका वकिलासाठी.

हे वकील म्हणजे बी. शंकरानंद. ते 1967 साली चिकोडी या राखीव मतदारसंघातून लोकसभेवर गेले, तेव्हा राज्याचे नाव म्हैसूर होते आणि त्याच वर्षी महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी, अशी शिफारस केली होती. सीमाप्रश्न सुटला नाही. पण निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत मराठी बोलणारे आणि पलीकडच्या ऊसपट्ट्यात कानडी बोलणारे मतदार ज्या मतदारसंघात होते, त्याने त्यांना 1991पर्यंत सलग सात वेळा निवडून दिले. आरोग्य, जलसंपदा, कायदा, पेट्रोलियम अशी खाती त्यांनी सांभाळली.

त्यांच्या कारकिर्दीतील एका दिवसापाशी आम्हाला थांबायचे आहे. 13 डिसेंबर 1988 रोजी केंद्रीय मंत्री या नात्याने त्यांनी लोकसभेत 61व्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. राज्यघटनेच्या 326व्या अनुच्छेदात मतदाराचे किमान वय एकवीस होते, ते अठरा करावे, एवढाच त्याचा मजकूर होता. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांचा होकार, असे दोन्ही लागते. लोकसभेने 15 डिसेंबरला आणि राज्यसभेने 20 डिसेंबरला ते संमत केले, मग राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिली आणि 28 मार्च 1989 रोजी बदल अमलात आला. ही दुरुस्ती वर्गात शिकवताना, ती मांडणारा खासदार आपल्याच सीमाभागातला होता, हेही शिक्षकांनी मुलांना सांगावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

तोफांच्या खरेदीत लाच दिल्याच्या आरोपांच्या बोफोर्स प्रकरणी नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते आणि तिच्या 1988च्या अहवालावर विरोधकांनी कठोर टीका केली. 1994च्या अखेरीस त्यांना मंत्रिपद सोडावे लागले, 1996 मध्ये चिकोडीतच त्यांचा पराभव झाला आणि 2009 मध्ये त्यांचे निधन झाले.

चिकोडीच्या तहसील कार्यालयाबाहेर आज मतदार नोंदणीची रांग लागली आहे. कोणी मराठीत बोलते आहे, कोणी कानडीत. हातात नमुना 6चा अर्ज धरलेली ही मुलगी खिडकीपाशी पोहोचली आहे.