गार पाण्याचं गणित: गोव्यात एका रात्रीचा नॉर्डिक स्पा

[दृश्य: कुळागरातली, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतली विहीर. दोरीला बांधलेला थर्मामीटर वर येतो.]

२७ अंश. डिसेंबरातही या विहिरीचं पाणी याहून फारसं खाली उतरत नाही. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आणि गोव्याची सरासरी जवळपास तेवढीच. नॉर्डिक स्पा, म्हणजे तापलेली खोली आणि गार पाणी यांच्या आलटून-पालटून फेऱ्या. तो करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी खोली तापवणाऱ्या भट्टीच्या मागे लागतात. भट्टी सोपी आहे हो. इथं घोडं अडतं ते गार पाण्यापाशी, आणि त्यानंतर अंग सुकवायला जिथं बसायचं त्या जागेपाशी.

पद्धत साधी आहे. कोरड्या उष्णतेत ८ ते १५ मिनिटं, गार पाण्यात अर्धं ते दोन मिनिटं, मग १५-२० मिनिटं काहीही न करता पडून राहायचं. अशा तीन फेऱ्या. सगळं मिळून सव्वा ते दोन तास जातात. या कोरड्या उष्णतेच्या खोलीला सौना म्हणतात. फिनलंडची वस्ती साधारण ५५ लाख आणि तिथं सौना ३० लाखांच्या घरात. २०२० मध्ये युनेस्कोनं फिनलंडच्या सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शहरापासून तासाभरावर जाऊन, एक रात्र राहून या फेऱ्या करायच्या, हा प्रकार मात्र कॅनडातल्या क्यूबेककडे जास्त फोफावला. तिथं बाहेर बर्फ असतो. आपल्याकडे कुळागर आहे.

पणजीहून डिचोली-साखळीमार्गे वाळपईकडे निघालं की तास-सव्वा तासात सत्तरीचा डोंगराळ भाग लागतो. माडा-पोफळींच्या दाट सावलीत किनाऱ्यापेक्षा हवा जरा निवलेली असते, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा २० च्या आसपास येतो. या सगळ्याला मोसम म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मे महिन्यात हा खटाटोप करू नये. बाहेरच घाम सुकत नाही, तर आतून आलेला माणूस निवणार कुठं?

[दृश्य: सौनाची खोली आतून. वरचा बाक, खालचा बाक, कोपऱ्यात भट्टी.]

खोली लहानच हवी. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, छत सव्वादोन मीटरवर. म्हणजे ९ घनमीटर. दर घनमीटरला साधारण १ किलोवॅट या हिशेबानं ९ किलोवॅटची विजेची भट्टी लागते, आणि तिला थ्री-फेज जोडणी. जुन्या घराची जांभ्याची भिंत तशीच उघडी ठेवली तर हिशेब कोलमडतो. आवरण नसलेली दगडी भिंत किंवा काचेचं दार असेल, तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे खोली १.२ घनमीटरनं मोठी आहे असं धरायचं. म्हणून जुन्या भिंतीच्या आत लाकडाची दुसरी भिंत उभारतात. मध्ये ५ ते १० सेंटिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), आणि रॉकवूलच्या आतल्या अंगाला अॅल्युमिनियमचा पत्रा-कागद, सांधे पट्टीनं बंद केलेला. हा कागद चुकून बाहेरच्या अंगाला लावला, की वाफ रॉकवूलमध्ये शिरते आणि दोन पावसाळ्यांत आतलं लाकूड काळं पडतं.

वरच्या बाकावर बसल्यावर पावलं भट्टीतल्या दगडांच्या वर असायला हवीत. उष्णता वर साठते. डोक्याजवळ ८५ अंश असतात तेव्हा जमिनीलगत त्याच्या निम्मेही नसतात. बाक ठेंगणा झाला तर डोकं भाजतं आणि पाय गार राहतात. बाहेरची ताजी हवा भट्टीजवळून आत यावी, शिळी हवा समोरच्या भिंतीतून बाहेर जावी. ‘उष्णता निघून जाईल’ म्हणून झरोके बुजवणारे पुष्कळ भेटतात. अशा खोलीत पाचव्या मिनिटाला डोकं जड होतं आणि दोष उष्णतेवर ढकलला जातो.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. जड लाकूड उष्णता पटकन अंगाला देतं, त्यामुळे बाकाला साग किंवा फणस नको. स्थानिक लाकडांत त्यातल्या त्यात शिवण बरी. हलकी असते, सहसा पिळत नाही. प्लायवूड तर नकोच, त्यातला गोंद तापला की डोळे चुरचुरतात. बाकाला व्हार्निश किंवा रंगही लावायचा नाही. स्क्रू खालच्या बाजूनं मारायचे, कारण तापलेलं डोकं वर राहिलं तर मांडीवर त्याचा ठसा उमटतो. समुद्राजवळच्या घरात स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. वाळवीचं औषध जोत्याखाली, जमिनीत मारायचं. गरम खोलीच्या आत त्याचा थेंबही नको.

[दृश्य: भट्टीतले दगड, अगदी जवळून. एका दगडाला तडा.]

आणि दगड. अंगणात जांभा आयता पडलेला असतो, म्हणून तो भट्टीत घालायचा मोह होतो. जांभा सच्छिद्र आहे, पाणी धरून ठेवतो. तापवून वर पाणी ओतलं की भुगा होतो. नदीतला गुळगुळीत गोटा त्याहून वाईट. त्याच्या पोटात ओल अडकलेली असेल तर तो फुटून उडतो. घट्ट, जड, काळा आग्नेय दगड हवा. फिनलंडमध्ये ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट वापरतात. पाच ते दहा सेंटिमीटरचे तुकडे धुऊन, मध्ये हवा खेळेल असे सैल रचायचे. वर्षातून एकदा सगळे उतरवून तपासायचे. पडद्यावर दिसतोय तो दगड हातात धरून दुसऱ्यावर आपटला, तर टणत्कार येत नाही, बद्द आवाज येतो. तो टाकून द्यायचा.

भट्टी लाकडावर चालणारी असेल तर पक्कं सुकलेलं जळण लागतं, ओल २० टक्क्यांच्या आत. चुडतं, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, भपकन पेटतात आणि तशीच विझतात. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली ठीक, सौनाला नाही. आकेशियाचे फाटे वर्षभर पडवीत सुकवले तर चांगले जळतात. काजूचं लाकूडही चालेल, काजूबियांची टरफलं मात्र अजिबात नाही. त्यातलं दाहक तेल धुरातून डोळ्यांत आणि घशात जातं. विजेची भट्टी ४० मिनिटं ते तासाभरात तयार होते, लाकडाची तास-दीड तास घेते.

आता एक गैरसमज. ‘गोव्याची हवा आधीच दमट, इथं कोरडा सौना व्हायचाच नाही’, असं सर्रास म्हटलं जातं. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या आणि ८५ अंशांपर्यंत तापवा. तिची आर्द्रता जेमतेम ६ टक्के उरते. पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेची बाष्प धरण्याची ताकद कैक पटींनी वाढलेली असते. फिनलंडच्या हिवाळ्यातली उणे १० अंशांची हवा अशीच तापवली तर आर्द्रता अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाईल. फरक आहे, पण तो एवढाच की दगडांवर पाणी जरा बेतानं ओतायचं. करवंटीची, लाकडी दांड्याची डवली घ्या. एका वेळी १०० ते १५० मिलिलिटर, आणि पुढची डवली वाफेची लाट अंगावरून ओसरल्यावर. पाणी विहिरीचं गोडं. खाऱ्या पाण्यानं भट्टीची तारही जाते आणि दगडही.

[दृश्य: गार पाण्याचं टब. झाकण अर्धं उघडं.]

गार पाण्याकडे येऊ. २७ अंशांच्या पाण्यानं बरं वाटतं, पण सौनानंतर जो झटका हवा तो बसत नाही. १२ ते १५ अंश पुरेत. पहिल्यांदाच येणाऱ्या गोंयकाराला १८ सुद्धा गारठवतील, तिथून सुरुवात करायला काही हरकत नाही.

बर्फाचा हिशेब असा. टब ५०० लिटरचं. त्यात विहिरीचं ३४० लिटर पाणी आणि ५५ किलो बर्फ घातला, की सगळं वितळून साधारण ३९५ लिटर पाणी १२ अंशांवर येतं. काठापर्यंत भरायचं नाही, कारण उतरणारा माणूस सत्तरेक लिटर पाणी बाहेर ढकलतो. बर्फाच्या लाद्या मासेमारीच्या जेटींजवळ मिळतात, मालीमला तर पणजीच्या समोरच. पण तो बर्फ मासळीसाठी असतो. तो थेट आंघोळीच्या पाण्यात नको; जाड पिशवीत घट्ट बांधून सोडा, किंवा खाण्याचा बर्फ मागा.

दर शनिवार-रविवार पाहुणे येणार असतील तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, परवडतो. १ एचपीचा चिलर ४०० लिटर पाणी २७ वरून १२ वर आणायला कागदावर अडीच तास घेतो, प्रत्यक्षात चार धरा. पाहुणे संध्याकाळी पाचला बसणार असतील तर दुपारी एकलाच चालू करायचा. माणसं उतरल्यानं पाणी तापतं असं वाटतं, पण दोन मिनिटांत एक माणूस अंशाचा दहावा भागही जेमतेम वाढवतो. खरा चोर म्हणजे उघडं झाकण. दमट हवेतली वाफ गार पाण्यावर निथळते आणि आपली उष्णता तिथंच सोडते. ऊन पडलं तर विचारूच नका. म्हणून टब सावलीत, बाजूंना फोम, वर झाकण. झाकणामुळे डास अंडी घालत नाहीत, हा वरचा फायदा. पाणी गार आहे म्हणून स्वच्छ आहे असं नाही. फिल्टर आणि क्लोरीन लागतंच, आणि टबात उतरण्याआधी घाम धुवायला शॉवरही.

‘टब कशाला, ओहोळ आहे ना!’ असं कोणी तरी म्हणतंच. पावसाळ्यातल्या ओहोळात पाण्याचा जोर असतो, आणि लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोकाही. शिवाय ते पाणीही काही १२ अंशांचं नसतं.

[दृश्य: दागिने एका वाटीत ठेवले जातात. दार बंद होतं.]

आत जाण्याआधी मंगळसूत्र, साखळी, कुड्या, घड्याळ, सगळं काढायचं. सोनं चटकन तापतं. नायलॉनच्या पोहण्याच्या कपड्यांपेक्षा सुती पंचा बरा, आणि बाकावर बसण्यासाठी वेगळा टॉवेल. पहिली फेरी खालच्या बाकावर, आठ मिनिटांची. बाहेर पडण्याआधी दोन मिनिटं ताठ बसा, मग उठा. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, झटक्यात उठलं तर अंधारी येते. गार पाण्यात आधी पाय, मग कंबर, मग खांदे. उडी नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या वेळी डोकं पाण्याखाली असेल तर पाणीही आत ओढलं जाईल. श्वास हळू सोडत राहायचं, हळूहळू तो ताळ्यावर येतो.

मित्रांचा घोळका आला की ‘कोण जास्त वेळ बसतो’ हे सुरू होतंच. फिनलंडमधल्या हेइनोला गावात याच गोष्टीची जागतिक स्पर्धा १९९९ पासून भरायची. २०१० च्या अंतिम फेरीत ११० अंशांत एका स्पर्धकाचा जीव गेला आणि स्पर्धा कायमची बंद झाली.

उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत तर हे दोनदा सांगावं लागतं: आधी किंवा मधे दारू नको. दारूनं रक्तदाब उतरतो, उष्णतेनंही उतरतो, आणि भान सुटलेल्या माणसाला बाहेर पडायचं सुचत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, ताप असेल, तर आत जायचंच नाही. गरोदर बायकांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. हृदयाला फायदा होतो हे ऐकलेलं असतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास २,३१५ फिनिश पुरुषांचा होता, आणि फरक ठळक दिसला तो आठवड्यातून चार ते सात वेळा बसणाऱ्यांत. एका रात्रीच्या पाहुण्याला चांगली झोप मिळाली तरी खूप झालं.

[दृश्य: बल्कांव, म्हणजे घरापुढची बसायची ओसरी. वोल्तेर खुर्ची, वर पंखा.]

विश्रांतीची जागा हा गोव्यातल्या नॉर्डिक स्पाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आर्द्रता ८० टक्के असताना अंग आपलं आपण सुकत नाही. गार पाण्यातून आल्यावर कोरड्या पंचानं पूर्ण पुसायचं, आणि पंखा हवाच. आपल्या जुन्या घरांतली वोल्तेर खुर्ची याला अगदी फिट बसते. लांब हातांवर पाय टाकता येतात, पायांतलं रक्त सहज वर येतं, आणि वेताच्या जाळीतून पाठीला वारा लागतो. जंगलाजवळ असाल तर पाचोळ्यावर चटई टाकून पडायचं नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून येतो.

तीन फेऱ्यांत अर्धा लिटर ते लिटरभर घाम जातो. शहाळं जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः मीठ. त्यामुळे रात्रीच्या जेवणाला पेज आणि लोणचं, सोबत सोलकढी. मसालेदार शागोती दुसऱ्या दिवशी दुपारी. शेवटची फेरी झोपण्याच्या दीड-दोन तास आधी संपवा. अंगाचं तापमान उतरत असतानाच झोप लागते, त्या उताराला तेवढा वेळ द्यावा लागतो. एक रात्र राहायचं ते यासाठीच. तीन फेऱ्यांनंतर हातपाय इतके सैल पडतात की घाटाच्या पायथ्यापासून पणजीपर्यंत अंधारात गाडी हाकणं शहाणपणाचं नाही.

पाहुणे झोपायला गेल्यावर भट्टी आणखी अर्धा तास चालू ठेवतात, दार आणि झरोके उघडे टाकून, बाक उभे करून. हे चुकलं की जुलैत चार दिवसांत बाकाखाली बुरशी धरते. म्हणून जागा ठरवताना फोनवर दोन गोष्टी विचारा: टबाचं पाणी किती अंशांवर असतं, आणि सौना वापरल्यावर सुकवता कसा. पहिल्याचं उत्तर ‘एकदम थंड’ असं आलं तर दुसरा प्रश्न विचारायची गरज नाही. आकडा सांगणारी जागा शोधा.