नायट्रेट शून्य येते तेव्हा

माशांच्या टँकमधल्या पाण्याची नायट्रेट चाचणी शून्य आली, तर समाधान मानण्याआधी आपल्या हातावर संशय घ्यावा, अशी विनंती मी सुरुवातीलाच करतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात; तेव्हा ज्या टँकमध्ये मासे भरपूर, वनस्पती जेमतेम आणि पाणी बदलून पंधरवडा उलटलेला आहे, तिथे नायट्रेट शून्य असणे जवळजवळ अशक्य आहे. माझी वही मात्र कित्येक महिने शून्यच सांगत होती, आणि नायट्रेटवर पोसले जाणारे काचेवरचे शेवाळ दर आठवड्याला खरवडावे लागत होते.

चूक चाचणीच्या किटमधली बाटली नीट न हलवण्यात होती. नायट्रेट स्वतः रंग देत नाही. आधी त्याचे नायट्राइट व्हावे लागते, मगच चाचणीच्या काचनळीतला पिवळा रंग नारिंगी, लाल असा चढतो. प्रचलित द्रव किटमध्ये हे काम जस्ताची बारीक पूड करते, आणि ती दुसऱ्या बाटलीच्या तळाशी बसलेली असते. बाटली नुसती उलटी करून थेंब टाकले, तर पूड तळालाच राहते आणि नळी पिवळीच दिसते. पत्रकात बाटली 30 सेकंद आणि नंतर नळी 1 मिनिट जोरात हलवा, मग 5 मिनिटे थांबा, असे लिहिलेले असते ते याचसाठी. बाटली बरेच दिवस पडून असेल, तर ती आधी टेबलावर आपटून घट्ट बसलेला थर मोकळा करावा.

तरीही खात्री हवी असेल, तर उत्तर आधीच ठाऊक असलेले पाणी तपासावे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे 13:00:45 हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. द्राक्षबागायतदारांना ते सांगायला नको. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणाऱ्या 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात ते 16 ग्रॅम विरघळवावे आणि त्यातले 2 मिलिलिटर सिरिंजने घेऊन आणखी 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे, म्हणजे लिटरला सुमारे 20 मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी तयार होते. स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्यासाठी पुरतो. एक मात्र पाहावे: काही किटचे तक्ते नायट्रेटऐवजी त्यातल्या नायट्रोजनचा आकडा देतात, आणि त्याला 4.43 ने गुणावे लागते.

बाकीची पथ्ये थोडक्यात सांगतो. नळी तपासायच्या पाण्यानेच विसळावी, तोंडावर बोट न ठेवता झाकण लावावे, आणि थेंब सारखे पडावेत म्हणून बाटली उभी धरावी. अमोनियाच्या आकड्याशेजारी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा, लिहावा, कारण 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना त्यातला विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, तर पीएच 8 ला तो 5 टक्क्यांवर जातो.

या टेबलावरच्या दोन्ही नळ्यांत तेच 20 मिलिग्रॅमचे पाणी आहे. एकीत बाटली न हलवता थेंब टाकले आहेत, दुसरीत हलवून. पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि लाल यांतला फरक कळत नाही, म्हणून त्या खिडकीजवळ नेऊन पाहा.