प्रोग्रामचा अर्थ

(दृश्य : कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर, लेथ)

लेथवरून नुकताच एक जॉब, म्हणजे कातलेला गोल भाग, उतरलाय. व्यास किती? मापायच्या आधी काहीच ठाऊक नाही. व्हर्नियर लावला, कळलं की २५.०२ ते २५.०४ मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी. मायक्रोमीटरने ते निम्म्यावर आणलं, २५.०२ ते २५.०३. नेमका आकडा कुठलंच हत्यार देत नाही. पण प्रत्येक माप आधीच्यापेक्षा जास्त सांगतं आणि आधीचं खोटं पाडत नाही.

माहितीच्या या चढत्या क्रमाचं गणित म्हणजे डोमेन थिअरी.

(दृश्य : वर्ग, फळा)

कोड लिहायला शिकवणारे क्लास राजारामपुरीत गल्लोगल्ली सापडतात. या वर्गात विचारलं जातंय की लिहिलेल्या कोडचा अर्थ काय.

फळ्यावर फॅक्टोरियल आहे. शून्याचं फॅक्टोरियल १. बाकी कुठल्याही संख्येचं म्हणजे ती संख्या गुणिले तिच्या आधीच्या संख्येचं फॅक्टोरियल. व्याख्येतच पुन्हा फॅक्टोरियल! मग ती काही सांगते तरी का?

बाई एकेक ओळ लिहितायत. सगळ्यात खाली उलटा टी, म्हणजे काहीच माहीत नाही. त्याच्या वर फक्त शून्याचं उत्तर. त्याच्या वर शून्य आणि एक. मग दोनसुद्धा. ओळी संपणार नाहीत, पण एकही ओळ खालचीला खोडत नाही. या साऱ्या ओळींना सामावून घेणारं, आणि त्यापलीकडे काहीही न सांगणारं जे फंक्शन, म्हणजे इनपुटवरून उत्तर देणारा नियम, तेच फॅक्टोरियल. त्याला लघुतम स्थिर बिंदू म्हणतात : व्याख्येत घातलं तरी बदलत नाही म्हणून स्थिर, आणि अशांमध्ये सगळ्यात कमी सांगतं म्हणून लघुतम. ऋण संख्येचं उत्तर कुठल्याच ओळीत येत नाही. प्रोग्राम तिथे थांबतच नाही, आणि त्याचा अर्थ उलटा टी. न थांबणाऱ्या प्रोग्रामलाही इथे अर्थ मिळतो, हे फार मोठं आहे.

(दृश्य : फळा, जवळून)

ऑक्सफर्ड, १९६९. संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांना प्रोग्रामिंग भाषांना गणिती अर्थ द्यायचा होता. हाताशी होता अलोन्झो चर्च यांचा १९३० च्या दशकातला लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे निव्वळ फंक्शन्सचं गणित. त्यात फंक्शनला तेच फंक्शन इनपुट म्हणून देता येतं. पण आडवा आला संचांचे आकार मोजणारा गणिती कँटर. संचात एकाहून जास्त घटक असले, की त्या संचातून त्याच संचात जाणारी फंक्शन्स घटकांपेक्षा जास्तच भरतात. मग प्रत्येक घटक म्हणजेच एक फंक्शन, हे जमणार कसं? तर्कशास्त्रज्ञ डाना स्कॉट स्वतः त्याच वर्षी अशा टाइप नसलेल्या, म्हणजे कुठलं फंक्शन काय घेईल याचं बंधन नसलेल्या, लॅम्डा कॅल्क्युलसच्या विरोधात लिहीत होते. वाट त्यांनाच सापडली. सगळी फंक्शन्स घ्यायचीच नाहीत, फक्त सतत फंक्शन्स घ्यायची. म्हणजे उत्तराचा जेवढा भाग हवा, तेवढ्यासाठी इनपुटची मर्यादित माहिती पुरते अशी. संगणकाला तरी दुसरं काय जमतं? तेवढ्यावर हिशेब जुळला.

(दृश्य : वह्यांत उतरवून घेणारी मुलं)

स्कॉट यांच्या तर्कप्रणालीवरच्या कामातून रॉबिन मिलनर यांची एमएल ही प्रोग्रामिंग भाषा आली. १९७७ मध्ये पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी स्थिर बिंदूंच्याच आधारे प्रोग्राम न चालवता तपासायची पद्धत मांडली. एअरबसच्या उड्डाण-नियंत्रणाचे प्रोग्राम तिने तपासले गेले.