आधी ढकलून बघा

[दृश्य: पहाटेचं अंधुक पार्किंग. एक मोटरसायकल, तिच्यावरचं दव. कॅमेरा हळूहळू नंबर प्लेटवर येतो.]

सकाळचे पावणेसहा. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. ही गाडी माझी नाही. पाटी बघा, काळ्यावर पिवळे आकडे. म्हणजे भाड्याची. काल सकाळी आणली, आज रात्री परत द्यायचीय.

माझं वय 52. शेवटची मोटरसायकल विकली 2003 साली. यामाहा आरएक्स100, 1994 चं मॉडेल, काळी. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की आई गॅसवर तवा ठेवायची. मी जिना चढून येईपर्यंत पहिली पोळी फुगलेली. मग लग्न, मुलगी, चारचाकी. गाडी पावसात भिजत उभी राहायला लागली आणि एक दिवस ओळखीतल्या एका पोराला देऊन टाकली. काय किमतीला दिली ते विचारू नका. आज ती गाडी जुन्या बाजारात काय भावाने जाते, तेही सांगू नका.

आता मुलगी शिकायला बाहेर आहे. रविवार मोकळे आहेत. आणि गेले सहा महिने रात्री झोपण्याआधी मी फोनवर मोटरसायकली बघतोय. पुन्हा एक घ्यायची, मधल्या वजनाची, एवढं ठरलंय.

[दृश्य: शोरूमची काच. आत ओळीने उभ्या गाड्या, काचेत निवेदकाचं प्रतिबिंब.]

शोरूममध्ये पाऊल टाकलं की काय होतं सांगतो. गाडी मी निवडत नाही, 1994 चा मी निवडतो. त्याला चष्मा नाही. त्याचा गुडघा वाजत नाही. तो सरळ सगळ्यात उंच, सगळ्यात दांडग्या गाडीकडे जातो आणि टाकीवर हात ठेवतो. मागून सेल्समन येतो, जेमतेम पंचविशीतला. म्हणतो, "काका, बसून बघा ना."

त्या 'काका'नंतर तर माघार घेणं आणखीच अवघड.

मधल्या वजनाची गाडी म्हणजे काय, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत सहाशे-आठशे सीसीला मधली म्हणतात. आपल्याकडे मधली म्हणजे साधारण 350 ते 450. इथे ओळखीचे चेहरे बरेच: रॉयल एनफिल्डची क्लासिक 350, मीटिऑर, हंटर. होंडाची हायनेस सीबी350. पुन्हा अवतरलेल्या जावा आणि येझदी. ट्रायम्फ स्पीड 400, नाव विलायती पण बनते इथेच, चाकणला, बजाजच्या कारखान्यात. आणि रॉयल एनफिल्डचीच हिमालयन 450. कागदावर सगळ्या चांगल्या. कागद वाचूनच मी ठरवलं असतं, तर आज ही फिल्म झाली नसती.

झालं असं की पहिल्या शनिवारी मी भाड्याने एक उंच ॲडव्हेंचर गाडी आणली. नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. चांदणी चौक सोडला, भूगाव, पिरंगुट, गाडी लोण्यासारखी. तीस वर्षांपूर्वीचे सगळे हात-पाय जागे झाले. पौडच्या पुढे पेट्रोल भरलं, बाहेर येऊन यू-टर्न घ्यायला लागलो. चालीचा वेग. रस्त्याची कड उजवीकडे उतरती. तोल जरा गेला म्हणून उजवा पाय टेकवला, आणि जिथे रस्ता असायला हवा होता तिथे चार बोटं हवा.

गाडी पडली. सावकाश, अगदी शिष्टाचाराने आडवी झाली. मी बाजूला उभा. लागलं काहीच नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरून एक मुलगा धावत आला. "काका, लागलं का?" दोघांनी मिळून उचलली. त्याने उचलली, खरं सांगायचं तर. मी हात लावला.

[दृश्य: रिकामं मैदान. निवेदक आडव्या गाडीला पाठ लावून खाली बसतो, उचलतो. पहिल्यांदा जमत नाही.]

नंतर शिकलो, पडलेली गाडी कमरेतून वाकून उचलायची नसते. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर सरळ झालेली गाडी पलीकडे पडते. गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांनी रेटत मागे मागे चालायचं. आरएक्स मी एका हाताने उचलायचो. तिचं वजन शंभर किलोच्या आसपास. क्लासिक 195 किलो. हिमालयन 196. दोन आरएक्स एकमेकींना बांधून उचलल्यासारखं आहे हे.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आता मी गाडी आधी चालवत नाही, आधी ढकलतो. आमच्या पार्किंगला रॅम्प आहे. रोज गाडी नाक आत करून लावायची आणि सकाळी उलटी ओढत चढावर काढायची. शोरूममध्ये मी म्हणतो, इंजिन बंदच असू दे, ही गाडी मला रांगेतून मागे ओढून दाखवायचीय. सेल्समन हसतात. हसू देत. ज्या गाडीला पार्किंगमधून काढताना घाम फुटतो, ती बुधवारी संध्याकाळी बाहेर निघत नाही. मग ती फक्त रविवारची होते, आणि रविवारची गाडी दिवाळीपर्यंत कव्हरखाली जाते. आमच्याच पार्किंगमध्ये तशा दोन उभ्या आहेत. मालक माझ्याच वयाचे आहेत.

[दृश्य: शोरूमच्या पत्रकाची मागची बाजू. बॉलपेनने केलेला भागाकार.]

हा कागद दाखवतो. आरएक्स100: 98 सीसी, 11 बीएचपी. क्लासिक 350: 349 सीसी, 20 बीएचपी. साडेतीन पट इंजिन, दुपटीच्या आसपास ताकद, आणि वजनही दुपटीच्या जवळ. भागून बघा. किलोमागे ताकद दोघींची जवळजवळ सारखीच येते. म्हणजे सिग्नलवरून सुटताना अंगावर जो झटका मला आठवतो, तो या साडेतीनशेत फार वेगळा नाही. ताकदवान गाडी झेपेल का, ही माझी मोठी काळजी होती. ती या भागाकारात संपली.

फरक दुसरीकडे आहे. आरएक्सचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दहा-साडेदहा न्यूटन मीटर, तोही मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर. घाटात तिला सतत गिअर पाडून ओरडत ठेवावं लागायचं. क्लासिकचा 27, चार हजारांवर. पिस्टनची धाव 85.8 मिलिमीटर, सिलिंडरचा व्यास 72, म्हणजे लाँग स्ट्रोक इंजिन. तिसऱ्या गिअरमध्ये टाकलं की वळणामागून वळण नुसतं ओढत राहतं. स्पीड 400 याच्या उलट. व्यास 89, धाव 64. वजन 176 किलो आणि ताकद 40 बीएचपीच्या घरात. किलोमागे हिशेब केला तर आरएक्सच्या दुपटीहून जास्त. एक शनिवार तीही चालवली. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसत होतो. खोटं कशाला बोला.

मग तीच का नाही घेतली?

[दृश्य: द्रुतगती मार्गाच्या तोंडावरचा, दुचाकीवर फुली मारलेला फलक.]

हा फलक आधी बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. अटल सेतूवर बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. महाराष्ट्रात जे जे रस्ते वेगासाठी बांधले, तिथे मोटरसायकलला दार बंद. आपल्या वाट्याला काय उरतं? जुना हायवे, ताम्हिणी, वरंध, पसरणी, कोकणात उतरून माणगावपासून गोव्याकडे जाणारा 66 नंबरचा महामार्ग. जिथे सत्तरच्या वर काटा गेला की वळणावर एसटी उभी असते. पावसाळ्यात ताम्हिणीत तर चाळीसही पुष्कळ. धबधब्यापाशी निम्मा रस्ता गाड्यांनी आणि उरलेला मक्याच्या कणसांनी भरलेला. तिथे 40 बीएचपी उघडायची कुठे?

दुसरं कारण कराचं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, आणि त्यावरच्यांवर 40. ही रेघ नेमकी माझ्या दोन आवडत्या गाड्यांच्या मधून गेली. क्लासिकचे 349 सीसी अलीकडे, स्पीडचे 398 पलीकडे.

[दृश्य: मैदान. खडूने आखलेली रेघ. गाडी येते, थांबते, रेघ ओलांडते. पुन्हा.]

आता ब्रेक. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आरएक्सला पुढे-मागे ड्रम ब्रेक. पुढचा दाबायचा नाही, तोंडावर पडशील, हे आम्हाला गाडी शिकवणाऱ्या प्रत्येक दादाने सांगितलेलं. सगळी भिस्त उजव्या पायावर. त्यात टू-स्ट्रोक, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन गाडीला फारसं धरत नाही. आताच्या गाडीचं गणित उलट आहे. थांबवण्याचं मुख्य काम पुढच्या डिस्कचं, आणि फोर-स्ट्रोक इंजिन गिअर पाडला की स्वतःच मागे खेचतं. पण पायाला हे कोण सांगणार? पहिल्या दिवशी खडूच्या रेघेवर थांबायचं ठरवलं आणि मागचं चाक पिपाणीसारखं वाजत रेघेच्या पार गेलं. दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबणं, हे एवढंसं जमायला तीन रविवार गेले.

यासाठीच जुनी गाडी बघणाऱ्यांना एक तारीख सांगून ठेवतो: एप्रिल 2019. तेव्हापासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीचं मॉडेल घेताना नीट विचारून घ्या. घाबरून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही व्यवस्था, आपल्यासारख्या गंजलेल्या हातांसाठीच आहे. आणि जे जुनी बुलेट सोडून आलेत त्यांची गंमत वेगळीच. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. माझे एक ज्येष्ठ स्नेही मैदानात थांबायचं म्हणून डावा पाय दाबत होते आणि गाडी गिअर बदलत पुढे जात होती.

लायसन्सचं एका वाक्यात: काढून तारीख बघा, मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म 1ए लागतो. हेल्मेटबद्दल पुणेकराने बोलू नये. 2019 च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा या शहराने मोर्चा काढला होता. मी मात्र आयएसआय शिक्का बघून, चष्मा घालून, दुकानात वीस मिनिटं डोक्यावर ठेवून मग घेतलं. दहा मिनिटांनी कपाळ दुखायला लागलं तर ते माप आपलं नाही.

[दृश्य: निवेदकाची पत्नी मागच्या सीटवर बसते, उतरते. दुसऱ्या गाडीवर बसते.]

शेवटची परीक्षा हिने घेतली. "मागे मी बसायचं आणि निवडायची तू?" असं म्हणून ती शोरूममध्ये आली, आणि सेल्समन इंजिनाबद्दल सांगत असताना तिने फक्त तीन गोष्टी बघितल्या. पायाच्या दांड्या किती उंचावर. धरायला मागे दांडी आहे का, की नुसता पट्टा. आणि सीट पाठीमागे उतरती आहे की सपाट. एका देखण्या गाडीवर बसली आणि लगेच उतरली. "ही एकट्याची गाडी आहे," म्हणाली. मी काही बोललो नाही. मला ती फार आवडली होती.

सीबी350 वर ती बराच वेळ बसून राहिली. फोन काढून कुणाला तरी मेसेजही केला. मी समजलो.

गाडीचं वजन 181 किलो, सीट 800 मिलिमीटर, माझे दोन्ही पाय अर्ध्याहून जास्त टेकतात. क्लच दोन बोटांत येतो. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या दिवसांत अडकलात तर याची किंमत कळेल. नवी घेतली नाही. तीन वर्षं वापरलेली घेतली. इंजिन गार्डवर आधीच्या मालकाने केलेला हातभर ओरखडा आहे. मुद्दामच तशी निवडली. पहिला ओरखडा कुणीतरी आधीच काढून ठेवलेला असला की मैदानात हात मोकळा चालतो. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, विमा नावावर, आरटीओच्या दोन चकरा.

[दृश्य: संध्याकाळ. पार्किंग. निवेदक गाडी उलटी ओढत रॅम्पवर काढतो.]

पहिली सफर ताम्हिणीची करायची होती. कॅमेरावाला मित्रही तयार होता. झाली ती बुधवारी, मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायला. येताना कोथिंबीर आणली. रस्त्यात दोन सिग्नलना इंजिन बंद पडलं, आणि मागच्या रिक्षावाल्याने जे म्हटलं ते या निवेदनात घेता येणार नाही.

घरी आलो, गाडी स्टँडला लावली, किल्ली काढली. आणि डावा हात आपोआप टाकीखाली गेला. पेट्रोलचा कॉक बंद करायला. रात्री कॉक बंद केला नाही तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो, हे त्या हाताला 1994 पासून पाठ आहे. या गाडीला कार्ब्युरेटर नाही, कॉकही नाही. हात तिथे थोडा वेळ चाचपडला, गरम इंजिनाला लागला, आणि परत आला.

वरच्या मजल्यावरून हिने हाक मारली, "अरे, कोथिंबीर गाडीलाच राहिली का?"

राहिली होती.